'तब्येत सुधारली': मराठी देहाच्या वजनाचा एक धावता इतिहास

मराठीत 'तब्येत सुधारली' हे वाक्य आजारातून उठलेल्या माणसाबद्दल जितके बोलले जाते, तितकेच ते वजन वाढलेल्या माणसाबद्दलही बोलले जाते. नवविवाहितेला 'लग्न मानवलेले दिसते' असे म्हणतात, परगावी बदली झालेल्याला 'तिकडची हवा मानवली' असे म्हणतात आणि दोन्ही ठिकाणी बोलणाऱ्याची नजर समोरच्याच्या गालांवर आणि कमरेवर असते. मूल बाळसे धरते, माणूस अंग धरतो, मुलगी अंगाने भरते. 'खात्यापित्या घरचा' ही तर सरळसरळ आर्थिक नोंद आहे. पगार लठ्ठ असतो, बक्षीस लठ्ठ असते, व्यक्तिमत्त्व भारदस्त असते आणि ज्याच्या शब्दाला कचेरीत किंमत आहे त्याचे तेथे 'वजन' असते. उलट कृश माणसाच्या वाट्याला भाषेने काय दिले आहे? पाप्याचे पितर, काडीपैलवान, किडमिडा. माणूस हलक्या कानाचा आणि वस्तू हलक्या प्रतीची.

भाषेचा हा कल पाहिला की आमच्या विद्यार्थ्यांना एका गोष्टीचे नेहमी नवल वाटते. ज्या समाजाच्या बोलण्यात स्थूलपणाला इतका मान आहे, त्याच समाजात 'ढोली', 'ढब्बू', 'बटाट्याचे पोते' हे शब्द शाळेच्या पहिल्या दिवसापासून कानांवर कसे पडतात? 'शरीराचा स्वीकार' ह्या नावाने आज जी चर्चा चालते (इंग्रजीत तिला 'बॉडी पॉझिटिव्हिटी' म्हणतात), ती आपल्याकडे आयात झालेली आहे हे खरे. परंतु ती ज्या जमिनीत रुजू पाहते, त्या जमिनीचा इतिहास पाहिल्याशिवाय तिच्या बाजूने वा विरुद्ध बोलणे आम्हांला उथळपणाचे वाटते.

प्रारंभ भोपळ्यातल्या म्हातारीपासून करू. ही गोष्ट ठाऊक नसलेला मराठी वाचक विरळाच. रानातून लेकीकडे निघालेल्या म्हातारीला वाघ-कोल्हे अडवतात आणि ती त्यांना सांगते की, आत्ता माझ्या अंगावर आहे काय, लेकीकडे राहून लठ्ठ होऊन येते, मग खा. जनावरांना हा व्यवहार पटतो. पुढे भोपळा, त्यातला प्रवास, सगळे ओघाने येते. आम्हांला ह्या कथेत दोन गोष्टी लक्षणीय वाटतात. एक म्हणजे लठ्ठ होणे हे येथे कुणाचेही भय नाही, ते ध्येय आहे. चार दिवस तूप मिळाले की माणसाचे काय होते, ह्याचे ते साधे वर्णन आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, लेकीच्या घरचे अन्न आईबापांनी घेऊ नये अशी जी रूढी उच्चवर्णीय घरांत होती, तिचा ह्या कथेला पत्ताच नाही. म्हातारी निःसंकोच जेवते. कथा कुणाच्या ओठांवर वाढली असेल, ह्याचा थोडा अंदाज त्यातून बांधता येतो.

ही इच्छा कोठून आली, हे समजायला फार लांब जावे लागत नाही. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पुणे, नगर, सोलापूर, सातारा ह्या जिल्ह्यांनी भोगला. दुष्काळी कामांवरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरावा, असा निर्णय सर रिचर्ड टेंपल ह्यांच्या शिफारशीवरून झाला. एक पौंड म्हणजे आजचे सुमारे ४५० ग्रॅम, आणि काम खडी फोडण्याचे. १८७७ मध्ये मजुरांनी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. माणसाला जगायला किती खावे लागते हा प्रश्न मराठी सार्वजनिक जीवनात असा, खालच्या टोकाकडून आला. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ, आणि आमच्या आईवडिलांच्या पिढीला प्रत्यक्ष आठवणारा १९७२ चा. त्या वर्षीची तांबडी मिलो आणि सुकडी ज्यांनी खाल्ली, ती माणसे आज नातवंडांच्या ताटात चौथी पोळी वाढताना दिसतात. त्यांना कॅलरीचा हिशेब शिकवणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

मग स्थूलपणाची निंदा कोठून आली? ती पाश्चात्त्यांकडून आली असे म्हणण्याची अलीकडे पद्धत आहे, आणि ते खरे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायाचे नावच 'अष्टौनिन्दितीय' असे आहे. अतिउंच, अतिबुटका, अतिकेसाळ, केशहीन, अतिकाळा, अतिगोरा, अतिस्थूल आणि अतिकृश अशा आठ प्रकारच्या देहांना तेथे निंदित म्हटले आहे. त्यांतील शेवटच्या दोहोंचाच विचार पुढे विस्ताराने येतो. अतिस्थूलाचे आठ दोष सांगितले आहेत: आयुष्य घटते, हालचाल मंदावते, कामसुखात अडथळा येतो, शक्ती उणावते, अंगाला दुर्गंधी येते, घामाचा त्रास होतो, भूक आणि तहान अनावर होतात. कारणांमध्ये अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप हे अपेक्षित आहेच, पण त्याबरोबर नित्य आनंदात असणे आणि चिंतन न करणे हीही कारणे दिली आहेत. (प्राध्यापकांना हे वाचून जो दिलासा वाटेल तो आमच्या स्टाफरूममध्ये एक फेरी मारली की टिकत नाही.) आणि शेवटी येते ते बीज, म्हणजे आईबापांकडून आलेला स्वभाव. दोन सहस्रकांपूर्वीच्या ह्या वैद्यकाला हे ठाऊक होते की सगळा दोष ताटाचा नसतो. स्थूल आणि कृश ह्यांत कृश बरा, कारण स्थूलाची चिकित्सा कठीण, असाही त्याचा निवाडा आहे.

येथे 'निंदित' ह्या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. वैद्य ज्याला रोगाचे क्षेत्र म्हणून दाखवतो आहे, त्यालाच तो लोकनिंदेचा विषय म्हणूनही दाखवतो आहे. निदान आणि निंदा एकाच शब्दात बांधल्या गेल्या. ही गाठ आजही सुटलेली नाही. आजच्या डॉक्टरांच्या खोलीतही ती सापडते.

संस्कृत नाटकानेही ह्या गाठीला हातभार लावला. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेचे गुण सांगताना मेद झडतो, पोट आत जाते, शरीर हलके आणि उद्योगाला तत्पर होते असे म्हणतो. आणि त्याच अंकात विदूषक मृगयेच्या दगदगीने अंग मोडल्याचे रडगाणे गात असतो. राजाचा देह सडसडीत, विदूषकाचा मोदकांकडे ओढ घेणारा. रंगभूमीवर कोणत्या देहाने प्रेम करायचे आणि कोणत्या देहाने हसवायचे, ह्याची वाटणी तेव्हाच झाली. मराठी रंगभूमीने ती जशीच्या तशी उचलली.

लोकपरंपरेत मात्र एक निराळी कथाही आहे, आणि ती आपल्या सर्वांत लाडक्या देवाची आहे. मोदक खाऊन तृप्त झालेला गणपती उंदरावरून जाताना पडतो, आकाशातला चंद्र ते पाहून हसतो आणि गणपती त्याला शाप देतो. म्हणून गणेशचतुर्थीला चंद्र पाहायचा नाही, पाहिला तर खोटा आळ येतो. देहाला हसणाऱ्या रूपसुंदराला शाप देणारी ही कथा घरोघरी सांगितली जाते आणि तरीही ती ह्या अंगाने कुणी वाचलेली आमच्या पाहण्यात नाही. येथे शासन पोटाला होत नाही, हसण्याला होते. लंबोदर हे तर त्या देवाचे आवडीने घेतले जाणारे नाव आहे. (२०१५ साली 'बाहुबली' चित्रपट आल्यानंतर पिळदार दंडांच्या, सपाट पोटाच्या गणेशमूर्ती मंडपांत दिसू लागल्या. लंबोदरालाही व्यायामशाळेत घालण्याचा हा उद्योग आम्हांला मुळीच रुचलेला नाही.)

स्थूल देहाची थट्टा नेहमी दुबळ्याचीच असते असेही नाही, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. पेशवाईत पुण्याला श्रावणातल्या दक्षिणेसाठी हजारो ब्राह्मण जमत. 'भोजनभाऊ' ह्या शब्दाला जी धार आहे, ती अशा जेवणावळींकडे बाहेरून पाहणाऱ्यांची आहे. जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहून झाला. शेतकऱ्याच्या घरातले अन्न आणि भटाकामगारांची राहणी ह्यांची तुलना त्यात वारंवार येते. सुटलेले पोट ही तेथे दुसऱ्याच्या कष्टावर जगल्याची खूण आहे. व्यंग्यचित्रांतला सावकार आणि पुढे पुढारी असाच ढेरपोट्या काढला जाऊ लागला. त्या थट्टेमागे न्यायबुद्धी होती. पण खूण एकदा रूढ झाली की ती कुणाला लागू करायची ह्याचे भान राहत नाही, आणि सावकारासाठी घडवलेले हत्यार नववीतल्या एखाद्या मुलीवर चालवले जाते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली मराठी चिंता मात्र स्थूलपणाची नव्हतीच, ती किडकिडीतपणाची होती. टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवले ही कथा एका पिढीने दुसऱ्या पिढीला आदर्श म्हणून सांगितली. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ आणि लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ ची, दादरचे समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे. ही सर्व दशक-दीड दशकाच्या आत उभी राहिली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आधी सँडोच्या पद्धतीने व्यायाम करीत, मग ते सूर्यनमस्कारांकडे वळले, संस्थानातल्या शाळांतून त्यांनी नमस्कार सुरू केले आणि १९३८ मध्ये लंडनहून त्यांचे ह्या विषयावरचे इंग्रजी पुस्तकही निघाले. ही सारी चळवळ मोलाची होती. तिने मराठी मध्यमवर्गाला घाम गाळायला शिकवले. तिचा एक परिणाम मात्र फारसा बोलला जात नाही: देह हा चारित्र्याचा पुरावा ठरला. ज्याचे शरीर बेडौल, त्याचा निश्चय ढिला, असे समीकरण तयार झाले. चरकाने मान्य केलेले बीज ह्या समीकरणातून गळून पडले.

ह्याच सुमारास देहाला आकडा चिकटू लागला. मुंबईच्या रेल्वे फलाटांवर नाणे टाकले की खडखडाट करून वजनाचे तिकीट देणारी यंत्रे आली. तिकिटाच्या एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य! दोन्हींकडे सारख्याच विश्वासाने पाहिले जाई. पु. ल. देशपांड्यांच्या 'बटाट्याच्या चाळी'तला (१९५८) 'उपास' हा लेख ह्याच काळातला. वजन उतरवण्याचा संकल्प सोडलेल्या गृहस्थावर चाळीतला प्रत्येक जण आपापला उपाय लादतो. विनोद म्हणून तो लेख सर्वांना पाठ असतो. इतिहासाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. त्यात स्थूल माणूस स्वतः बोलतो, आणि हसू त्याच्या देहापेक्षा सल्ला देणाऱ्यांच्या आत्मविश्वासावर पडते. मराठी विनोदातली ही दिशा पुढे कायम राहिली असती तर बरे झाले असते. दूरचित्रवाणीवरील प्रहसनांनी ती सोडली आणि शाळेच्या मधल्या सुट्टीतला विनोद पुन्हा उचलला.

आता ज्या आकड्याने आज आपण मोजले जातो त्याकडे येऊ. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे सूत्र बेल्जियमच्या केतले ह्या खगोल व संख्याशास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात मांडले, ते 'सरासरी माणूस' शोधण्यासाठी. रोग ओळखण्यासाठी नव्हे. १९७२ मध्ये ॲन्सेल कीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. आपण त्याला देहभारांक म्हणू. पंचवीसच्या वर अधिक वजन, तिसाच्या वर स्थूलता, ह्या सीमारेषा प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवरून आखल्या गेल्या.

त्या रेषा आपल्याला का लागू पडत नाहीत, हे जगाला दाखवणाऱ्या संशोधनाचा मोठा वाटा पुण्यातला आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. ह्या मातांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, त्याच पद्धतीने मोजलेली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. आपले बाळ सर्वच बाबतींत लहान असेल ही अपेक्षा. प्रत्यक्षात पोटातले अवयव आणि स्नायू लहान होते, पण त्वचेखालची चरबी, विशेषतः पाठीवरची, जवळजवळ इंग्रज बाळाइतकी टिकून होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या निष्कर्षाला 'कृश-स्थूल भारतीय बाळ' असे नाव पडले. पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन ह्यांचे एकत्र छायाचित्र छापून आले. दोघांचाही देहभारांक २२.३. युडकिन ह्यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दोन सदरे घातलेले, दिसायला सारखेच सडपातळ गृहस्थ!

साहित्याच्या अभ्यासकांनी ह्या छायाचित्राकडे अवश्य पाहावे, कारण ते वाचनाविषयी आहे. देह पाहून आरोग्य वाचता येते ही आपली समजूत ते खोडून काढते. पिढ्यान् पिढ्यांच्या अर्धपोटीपणाने आईच्या पोटातच शरीराला काटकसर शिकवली आणि नंतर अन्न मुबलक झाले की तीच काटकसर मधुमेहाच्या रूपाने उलटते, अशी मांडणी ह्या संशोधनातून पुढे आली आहे. टेंपलसाहेबांचे एक पौंड धान्य आणि आजची इन्शुलिनची सुई ह्यांत नाते असू शकेल, हा विचार आम्हांला अस्वस्थ करतो. भारतीयांसाठी अधिक वजनाची रेषा आता २३ वर धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या १०.१ कोटी आणि पोटाची स्थूलता असलेल्यांची ३५.१ कोटी एवढी अंदाजली. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, यकृतातली चरबी, झिजलेले गुडघे, झोपेत अडकणारा श्वास: ह्यांतले काहीही काल्पनिक नाही, आणि शरीराच्या स्वीकाराची भाषा बोलणाऱ्यांनी ते काल्पनिक असल्याचे भासवू नये.

ही भाषा मुळात कशासाठी जन्माला आली, हे मात्र आपल्याकडे सांगितले जात नाही. १९६७ मध्ये ल्युएलिन लाउडरबॅक ह्या अमेरिकन लेखकाने स्थूल माणसांच्या बाजूने एका नियतकालिकात लेख लिहिला, १९६९ मध्ये बिल फेब्रे ह्यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये संघटना उभी राहिली, १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्त्रीवादी गटाने जाहीरनामा काढला. मागण्या होत्या नोकरीत, उपचारांत आणि सार्वजनिक ठिकाणी समान वागणुकीच्या. सुझी ऑरबाख ह्यांच्या १९७८ च्या पुस्तकाने स्त्रीच्या खाण्यामागची सामाजिक कारणे दाखवली. तेथून समाजमाध्यमांवरच्या 'मी जशी आहे तशी सुंदर' ह्या घोषणेपर्यंत येताना नागरी हक्क गळाले आणि सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिराती उरल्या, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे प्रश्न आजही हक्काच्याच पातळीवर आहे. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी एका नामवंत लेखिकेने एका स्थूल पोलिसाचे छायाचित्र मुंबईच्या बंदोबस्तावरचे समजून थट्टेने प्रसृत केले. तो अधिकारी मध्य प्रदेशातला निघाला, आणि त्याने आपला देह आजाराचा परिणाम असल्याचे सांगितले. पुढे मुंबईतच त्याच्यावर उपचार झाले. चंद्राने हसावे तसाच प्रकार. शाप तेवढा नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी सचिन कुंडलकरांचा 'वजनदार' आला, आणि २०२० मध्ये 'सुंदरा मनामध्ये भरली' ह्या मालिकेने स्थूल नायिका रोज रात्री घराघरांत आणली. तिच्या नावात राम जोशींच्या लावणीची आठवण आहे, ही खोच आम्हांला आवडली. शाहिरी काव्यातल्या सुंदरीचा बांधा आणि आजच्या वधू-वर सूचक जाहिरातींतला 'सडपातळ' हा शब्द ह्यांच्या दरम्यान काय काय घडले, हा एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधाला घ्यावा असा विषय आहे. मालिकेतल्या नायिकेला स्थळांकडून नकार मिळतात. गुडघ्यांचे, साखरेचे, पाळीच्या तक्रारींचे नाव त्यात कुणी फारसे काढत नाही. नकार रूपासाठी असतो. घरोघरी दिल्या जाणाऱ्या 'तुझ्या आरोग्यासाठीच सांगते' ह्या उपदेशाचे खरे स्वरूप ह्यातून उघडे पडते. ज्याची खरोखर काळजी आरोग्याची आहे, तो सडपातळ मुलाचीही साखर तपासायला लावील.

नव्या मुंबईत शिकवताना हा इतिहास आम्हांला दूरचा वाटत नाही. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली तेव्हा येथे ९५ गावे होती; भातशेती, खाडीची मासेमारी आणि मिठागरे. मिठागरातले काम म्हणजे उन्हात उभ्याने मीठ ओढणे. ताटात तांदळाची भाकरी, भात, सुकी मासळी. ते अन्न त्या श्रमाला बेतलेले होते. जमीन संपादित झाली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासईला लोक उभे राहिले, त्यांतल्या पाच जणांनी गोळीबारात प्राण गमावले. पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले, घरे चढली, गाड्या आल्या. ताटातला भात तेवढाच राहिला आणि ओढायचे मीठ गेले. आमच्या वर्गात बसणारी आगरी-कोळी मुले आजोबांचे मिठागरातले छायाचित्र दाखवतात, पाठीचे हाड न् हाड मोजता येईल असे. आणि त्याच घरातल्या चाळिशीच्या काकांच्या मधुमेहाच्या गोळ्यांविषयी बोलतात. ह्याला आळस म्हणणे म्हणजे पन्नास वर्षांच्या भूसंपादनाचा इतिहास एका माणसाच्या पोटावर लिहून मोकळे होणे होय.

पाम बीच मार्गाकडेच्या फेरफटक्याच्या जागी पहाटे जी गर्दी दिसते, ती मात्र बहुतांशी सेक्टरांतली असते. २०२५ पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शने अधिकृतपणे बाजारात आली आहेत. ती कुणाला परवडतात हेही उघड आहे. स्थूलपणा एके काळी श्रीमंताची खूण होती. आता सडपातळपणाला पैसे पडू लागले आहेत आणि भाषा अजून जुन्याच हिशेबात बोलते आहे.

राहिला आमचा स्वतःचा परिसर, म्हणजे महाविद्यालय. स्नेहसंमेलनात 'शेलापागोटे' नावाचा एक जुना कार्यक्रम असतो. निनावी चिठ्ठ्यांतून टोमणे वाचायचे आणि सर्वांनी हसायचे. त्या चिठ्ठ्यांच्या पेटीत जाड मुलामुलींवरच्या चिठ्ठ्या किती, हे कोणत्याही महाविद्यालयातल्या शिक्षकाने एकदा मोजून पाहावे. एकांकिकांच्या निवडीतही तेच. आवाज खणखणीत, शब्दोच्चार स्वच्छ, भावनेची जाण उत्तम. पण अंगाने भरलेली मुलगी असली की तिला आत्याबाईंची भूमिका. गेल्या काही वर्षांत आम्ही विभागातल्या सहकाऱ्यांनी दोन गोष्टी सुरू केल्या. पेटीतल्या चिठ्ठ्या आधी वाचून देहावरच्या बाजूला काढायच्या, आणि नायिकेची निवड पडद्याआडून वाचन ऐकून करायची. पहिलीविषयी 'मजा गेली' अशी तक्रार दर वर्षी येते. दुसऱ्या प्रयोगात गेल्या हंगामात नायिका म्हणून जी मुलगी निवडली गेली, तिने आधीची दोन वर्षे रंगमंचामागे कपडेपट सांभाळला होता.